रिकाम्या कप्प्याचा नियम

नाशिकरोडच्या त्या कॉलनीत कुणाचा मिक्सर बसला, कुणाची इस्त्री रुसली, की माणसं आधी सुमनबाई पगारेंचं दार वाजवतात आणि मग दुकान शोधतात. शोधायची वेळ सहसा येत नाही. बाई ओझरच्या विमान कारखान्यात वायरिंगच्या कामावर होत्या, तिथूनच रिटायर झाल्या. हाताला गुण आहे, तोंड मात्र तिखट. इस्त्रीची गरम वायर गुंडाळून ठेवणाऱ्याला त्या असं झापतात, की पुढच्या वेळी बिचारा बायकोला पाठवतो.

त्या रविवारी वेळ त्यांच्या स्वतःच्याच घरावर आली. सिन्नरला पुतणीचं, संजनाचं लग्न होतं आणि ते लावणार होते सुमनबाईंचे मिस्टर, मल्हारी. बौद्धाचार्य म्हणून त्यांनी आजवर कितीतरी लग्नं लावलेली. मग मणक्याचं दुखणं आलं, पाय गेले, चाकांची खुर्ची आली. पुढे एका कार्यक्रमात चौघांनी त्यांना उचलून स्टेजवर नेलं. माणसं चांगलीच होती, काही वाईट मनात नव्हतं. पण मल्हारी घरी आले ते गप्पच झाले, आणि नंतर कुठेही जाईनात. संजनानं हट्ट धरला, लावतील तर काकाच. स्टेज सोडून खाली सतरंजीवर सगळी मांडणी करते म्हणाली, तेव्हा कुठे ते तयार झाले. अट एकच, जायचं ते स्वतःच्या चाकांवर, कुणी हात लावायचा नाही.

सकाळी सगळे तयार. लेक तेजल गाडी चालवणार होती. खुर्ची ठेवायला म्हणून तिनं डिकीचं बटण दाबलं, तर एरवीचा टक् आवाज आलाच नाही. पुन्हा दाबलं. छे! डिकीला चावीचं भोकच नव्हतं, सगळा कारभार त्या बटणावर. खुर्ची मागच्या दारातून आत जात नाही, हे आधीच करून पाहिलेलं. मेकॅनिक रविवारी कशाला फोन उचलतोय? तेजल म्हणाली, सीट पाडून आतून डिकी उघडू, खुर्ची टाकू आणि झाकण न लावता दोरीनं बांधून घेऊ; लावलं तर आत खुर्ची असताना ते आतून पुन्हा उघडता येणार नाही.

"सिन्नरच्या रोडला दोरीच्या भरवशावर मी त्यांची खुर्ची नेणार नाही," सुमनबाई म्हणाल्या.

ओट्यावर बसलेल्या मल्हारींनी पांढऱ्या सदऱ्याचं गळ्याचं बटण सोडलं. ते सुमनबाईंनी पाहिलं. हा माणूस आज घरी बसला, तर पुन्हा उंबऱ्याबाहेर पडायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नव्या साडीचा पदर खोचला आणि सीट पाडून त्या वयात सरळ डिकीत शिरल्या.

आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढून त्यांनी लॉकची पट्टी ढकलली. डिकी उघडली. मग त्यांनी बॅटरीची वायर सोडवली आणि ना बटणाकडे बघितलं ना लॉककडे, थेट बिजागरीजवळच्या रबरी नळीला हात घातला. गाडीतून झाकणात जाणाऱ्या वायरी त्या नळीतून जातात, आणि झाकण उघडलं-लावलं की तिथंच वाकतात. वायर वाकते तिथंच मरते, हे बाईंनी आयुष्यभर पाहिलेलं. नळी सरकवली, तर काळी वायर मधोमध तुटलेली. नवा तुकडा जोडला, सोल्डरिंग केलं, वरून टेप गुंडाळला, नळी बसवली, कव्हर लावलं. तेजलनं बॅटरी जोडून बटण दाबलं. टक्! शेजारच्या कुसाबाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

सुमनबाई हत्यारं गोळा करू लागल्या. कापडी गुंडाळीत प्रत्येक हत्याराला त्यांनी स्वतः शिवलेला कप्पा. सगळ्यात छोट्या स्क्रूड्रायव्हरचा कप्पा रिकामा निघाला.

कारखान्यात हा नियम म्हणजे नियम. एक जरी हत्यार कमी असलं, तरी झाकण बंद करायचं नाही. विमानाच्या पोटात पाना राहिला तर वर काय होईल ते सांगायला नको. तेजलचा धीर सुटला. आई, हे विमान नाही गं, लग्नाचा हॉल दुपारी दुसऱ्यांना द्यायचाय, असं ती काकुळतीला येऊन सांगत होती. खरं तर सुमनबाईंनाही क्षणभर वाटलं, जाऊ दे मेलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मल्हारी त्यांच्याकडेच बघत होते. बाईंनी पुन्हा कव्हर काढलं, नळीही सरकवली.

स्क्रूड्रायव्हर काही सापडला नाही. पण काळीच्या शेजारची लाल वायर बोटात धरून ओढली, तर ती रबरासारखी ताणली गेली. वरून धडधाकट, आतलं तांबं जवळजवळ तुटलेलं. लॉकला वीज नेणारी तीच. सिन्नरला हॉलपुढे तिनं मान टाकली असती. पहिला दोष सापडताच आपण हात आवरला, बाकीच्या वायरी तपासल्याच नाहीत, या लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीही जोडली. उरलेल्या सगळ्या एकेक ओढून पाहिल्या.

पण कप्पा रिकामाच. आता बाईंचे डोळे भरून आले.

"अंबाड्यात आहे," मल्हारी म्हणाले.

हात मागे गेला. खरंच, केसांत खोचलेला.

"कधीपासून दिसतोय तुम्हाला?"

"मघाचपासून. पण पहिल्या वेळी तू माझ्यासाठी घाई केलीस. म्हटलं, पुन्हा उघडून नीट बघू दे. उशिरा गेलं तर चालेल, सुमन. उचलून नेलेलं नाही चालणार."

शिव्या तोंडात आल्या होत्या, त्या त्यांनी गिळल्या आणि आधी त्यांच्या सदऱ्याचं बटण लावलं.

सिन्नरला पोचले तेव्हा सगळे ताटकळले होते. तेजलनं बटण दाबलं. टक्. खुर्ची खाली आली. दोघं-तिघं हात द्यायला धावले, पण मल्हारींनी मान हलवली आणि स्वतः चाकं फिरवत आत गेले. पांढऱ्या साडीतली संजना त्यांना बघून रडायलाच लागली.

माइकवर त्यांचा खणखणीत आवाज आला, तेव्हा सुमनबाई गाडीपाशीच उभ्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. डिकी लावली, बटण दाबून पुन्हा उघडून पाहिली, पुन्हा लावली, आणि मग लग्नाला गेल्या.