खोट्या हिरव्याला नाही म्हणणारी

सुजाता गेल्याचा फोन तिच्या धाकट्या भावानं, प्रकाशनं, राहात्याहून केला. किडनीचा आजार वर्षभर चालला होता, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. पुढच्या दिवसांत आमच्या जुन्या ओळखीचं जे कोणी भेटलं त्याच्या तोंडी एकच शब्द. बिचारी. लग्न नाही, मोठी नोकरी नाही, एवढी हुशार मुलगी आणि शेवटी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवत राहिली. काही आठवडे मी हे ऐकून घेतलं. आता लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठीच, की सुजाताला बिचारी म्हणणाऱ्यांना सुजाता माहीतच नव्हती.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा नगरजवळच्या एका खासगी संस्थेत आम्ही दोघी संशोधनासाठी एकदमच दाखल झालो. संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. सुजाता घोडेगावची. वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. बाजाराच्या दिवशी गावातून निघायची तर एसटीपुढे बैल आणि म्हशींची रांग लागायची, म्हणून ती त्या दिवशी पहाटेचीच गाडी पकडायची आणि आमच्याआधी येऊन उंदरांचे पिंजरे साफ करून बसलेली असायची. ते काम तिचं नव्हतं. पण आजारी उंदीर हाती आला तर प्रयोग फुकट जातो, असं ती म्हणायची, आणि तिचं बरोबर होतं.

आमच्या मार्गदर्शक सरांचा एका झाडपाल्याच्या अर्कावर फार विश्वास होता. हा अर्क दिला की शरीराची रोगाशी लढण्याची ताकद वाढते, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे शिपाई असतात. शत्रू नुसता ओळखून त्यांचं भागत नाही, हल्ला करायला त्यांना दुसरी एक खूण मिळावी लागते, आणि ती खूण घेणारा रिसेप्टर त्यांच्या अंगावर असतो. अर्क दिलेल्या उंदरांत हा रिसेप्टर वाढतो का, हे सुजातानं पाहायचं होतं. त्यासाठी परदेशातून एक अँटिबॉडी मागवली होती. ती उंदराच्या टी-पेशीवरच्या त्या रिसेप्टरला जाऊन चिकटते आणि तिला जोडलेला रंग खास मायक्रोस्कोपखाली हिरवा चमकतो. बर्फात घातलेली ती इवलीशी बाटली मुंबईहून आली त्या दिवशी सरांनी सगळ्यांना पेढे वाटले होते.

पहिल्याच खेपेला अर्क दिलेल्या उंदरांच्या पेशी हिरव्यागार दिसल्या. सर खूश झाले. सुजाताची मात्र खात्री पटली नव्हती. तिनं त्याच पेशींवर दुसरी एक अँटिबॉडी घालून पाहिली. ही तशाच घडणीची, तोच रंग लावलेली, पण उंदराच्या पेशीवरच्या कशालाच न ओळखणारी. हिला चिकटायला जागाच नाही, म्हणजे काळोख दिसायला हवा. पण तिथेही हिरवं दिसलं... मला बोलावून तिनं खुर्ची दिली आणि म्हणाली, बघ. मी पाहिलं. दोन्हींत फरक सांगता येत नव्हता. अर्कामुळे रिसेप्टर वाढलाच नव्हता. दुसऱ्याच काही पेशी चेकाळल्या होत्या आणि अँटिबॉडीचं शेपूट मिळेल तसं धरून ठेवत होत्या. मग तिनं आधी उंदराच्याच रक्तातला साधा सीरम घालून त्या पेशींची पकड भरून टाकली आणि पुन्हा पाहिलं. आता अर्क दिलेले आणि न दिलेले उंदीर सारखेच दिसले. थोड्या पेशी हिरव्या, पण खऱ्या.

सरांनी ऐकून घेतलं आणि तिचे हे नवे फोटो बाजूला ठेवायला सांगितले. परिसंवाद जवळ आला होता, अर्क बनवणारी मंडळी यायची होती. आधीचे फोटो खोटे थोडेच आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्या रविवारी मी सुजाताबरोबर घोडेगावला गेले होते. जेवताना तिनं अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, की कागदावर नाव कोणाचं येणार. दोघांचं, सरांचं आणि माझं, ती म्हणाली.

"मंग तुज्या नावाखाली काय छापायचं ते तू ठरीव. नोकरीचं बघू फुडं. आमी हाय ना."

परिसंवादाला सरांनी तेच हिरवे फोटो दाखवले. खाली सुजाताचं नाव. टाळ्या झाल्या, काही प्रश्न आहेत का असं अध्यक्षांनी विचारलं, आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली.

"सर, हे काम मी केलंय आणि ते असं आलेलं नाही," सुजाता म्हणाली. "सगळे फोटो दाखवणार नसाल तर माझं नाव काढा."

आवाज चढलेला नव्हता. ती उभीच राहिली. शेवटी अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

नंतर केबिनमध्ये सर तिला म्हणाले होते, की तुमच्या लोकांना संधी दिली की असंच होतं. हे तिनं मला एसटी स्टँडवर सांगितलं. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"म्हटलं, संधी तुम्ही नाही दिली. निवड परीक्षेत मी पहिली आले होते."

गोष्टीत होतं तसं पुढे काही झालं नाही. सरांचा निबंध तिच्या नावाशिवाय छापून आला, त्यांना बढतीही मिळाली. सुजाताची डॉक्टरेटची नोंदणी रद्द झाली. तिनं राहात्याला नोकरी धरली, प्रकाशकडे राहू लागली, आणि सुट्ट्या आल्या की पुण्याला जाऊन नव्या मार्गदर्शकांकडे, नव्या बाटलीतली अँटिबॉडी घेऊन सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. काही वर्षं गेली त्यात. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, की एवढ्या खटाटोपातून निष्पन्न काय झालं, काहीच तर वाढलेलं दिसत नाही. काही वाढत नाही हेच निष्पन्न झालं, असं तिनं सांगितलं, आणि डॉक्टरेट घेऊन पुन्हा अकरावीच्या वर्गावर आली. शेवटच्या आजारात मी तिला एकदा विचारलं, वाईट वाटतं का गं? ती चिडली. वाईट त्यांना वाटू दे, म्हणाली. उशी नीट करायला गेले तर तीही करू दिली नाही.

मागच्या आठवड्यात राहात्याला गेले तेव्हा प्रकाशनं मला तिच्या कॉलेजात नेलं. तिथली प्रयोगशाळा एरवी कॉलेज सुटलं की कुलूपबंद व्हायची. सुजातानं प्राचार्यांशी भांडून ती संध्याकाळपर्यंत उघडी ठेवायला लावली होती, म्हणे. मला वाटलं होतं, आता परत कुलूप लागलं असेल. दार उघडं होतं. खिडकीपाशी चार-पाच मुली कांद्याच्या पापुद्र्यावर वाकल्या होत्या. एकीनं मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडे वळवला होता. मी आत जाऊन खिडकीपुढे उभी राहिले, सुजाताचं टेबल कोणतं हे विचारावं म्हणून तोंड उघडलं... तेवढ्यात ती मुलगी डोळा न काढताच म्हणाली,

"मावशी, उजेडातनं सरका. दिसंना."

मी सरकले.