कोरड्या विटांचा कोपरा

तो कोपरा मी धर्माच्या रागातून पाडला, असे आमच्या गावात आजही छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या दिवशी रिसोडच्या बाजारात होते आणि उरलेले परदेशी पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेण्यात गुंतले होते. पाहुण्यांच्या संस्थेने पुढे काढलेल्या पत्रकात तर मी ‘प्रारंभी विरोध करणारा आणि अखेर प्रेमाने जिंकला गेलेला वृद्ध’ झालो आहे. नातीने ते मला मराठीत समजावून सांगितले. मला कोणीही जिंकलेले नाही.

मी चाळीस वर्षे बांधकामावर मिस्त्री होतो. अंगणवाडीची नवी खोली बांधायला साता समुद्रापलीकडून ख्रिस्ती स्वयंसेवक येणार, नऊ दिवस स्वतःच्या हातांनी काम करणार, असे ठरले, तेव्हा पाया माझ्याच देखरेखीखाली भरला गेला. काळी माती उकरून खाली मुरूम लागेपर्यंत मी खोदायला लावले होते. माणसे विमानाचा प्रवास करून दुसऱ्याच्या गावात भिंत बांधायला का येतात, हे मला तेव्हाही उमगले नव्हते. परंतु त्यांच्या देवाशी माझे काहीच वैर नव्हते. माझा प्रश्न एवढाच होता की ज्या खोलीत तीन-चार वर्षांची लेकरे बसणार, तिची भिंत भरवशाची हवी.

उन्हाळ्याचे दिवस होते. वीट पोटभर पाणी प्यायल्याशिवाय भिंतीत घालायची नसते, नाहीतर ती सिमेंटमधले पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. हे आमच्याकडे डोक्यावर विटा वाहणाऱ्या बायकांनाही ठाऊक असते. त्यासाठी पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी टँकर मागवला होता. सकाळी जाऊन पाहतो, तर विटा भिजवायचा हौद कोरडा आणि फाट्यापासून अंगणवाडीपर्यंतचा कच्चा रस्ता ओला.

सरपंच नात्याने माझा पुतण्या. मी त्याला विचारले, “टँकर कुठं रिकामा केला रे?”

“रस्त्यावर मारला, काका. धूळ उडून राह्यली होती. पाहुण्याईच्या नाकातोंडात गेली असती.”

“अन् विटा?”

“विटाईले काय धूळ लागते?” असे म्हणून तो हसला, आणि त्याच्या मागचे चारजण त्याच्यापेक्षा मोठ्याने हसले.

बायका आठ वाजल्यापासून ओवाळणीची ताटे घेऊन उन्हात उभ्या होत्या. ख्रिस्ती माणसाला कुंकू लावावे की नाही, यावर पुरुषांचा सावलीत बसून खल चालला होता. साडेअकराला दोन पांढऱ्या गाड्या फाट्यावर थांबल्या. पाहुण्यांनी मिरवत चालत यावे, असा सरपंचाचा बेत होता. काळी माती ओली झाली की पायाला सोडत नाही. सहाही पाहुणे शेर-शेर चिखल बुटांना घेऊन, हत्तीसारखी पावले टाकत, ढोलकीच्या मागे आले. या मातीत जन्मलेल्या माणसाने एवढी साधी गोष्ट विसरावी, याची मला जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

पाहुण्यांनी गोल करून, डोळे मिटून प्रार्थना केली. त्यांनी मिटले म्हणून गावानेही मिटले; सरपंचाचा एक डोळा मात्र कॅमेऱ्यावर होता. मग सर्वांनी कोरे करकरीत हातमोजे चढवले. त्यांच्याबरोबर नागपूरची एक दुभाषी मुलगी होती. मी तिला म्हणालो, “यांना सांगा, विटा कोरड्या आहेत. काम उद्या.”

सरपंच मध्ये पडला. “काका, दोन थर तं लावू द्या, फोटोपुरते. बाई, तुमी सांगा, मोठे काका आशीर्वाद देऊन राह्यले.”

तिने खरोखरच तसे सांगितले असावे, कारण सहाही जणांनी मला हात जोडले. तेवढ्यावर मी घरी निघून गेलो. ती चूक माझी, आणि ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

तीन वाजता परतलो, तेव्हा पूर्वेकडचा कोपरा पाच थर चढला होता. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा ओळंबा पेटीतून बाहेरही निघाला नव्हता. मी वरची वीट एका हाताने उचलली. ती उशीवरून अभ्रा निघावा तशी निघाली आणि खाली राखेसारखी पूड उरली. मग मी दुसरी काढली, तिसरी काढली. एक पाहुणी रडू लागली.

“काका, गावाची इज्जत घालवून राह्यले तुमी!”

“ते तूच सांडली ना सकाळी रस्त्यावर.”

आता त्या सहांतल्या म्हाताऱ्या पाहुण्याविषयी. त्याने माझे पाय धरले, हे गावाचे सांगणे धादांत खोटे आहे. माझ्या पायांजवळ पडलेली वीट उचलायला तो वाकला. त्याने हातमोजा काढला आणि विटेला जीभ लावली. जीभ चिकटली. ती सोडवून तो थुंकला, आपल्या लोकांना दोन शब्द बोलला आणि माझ्या शेजारी येऊन विटा काढू लागला. दुभाषीने सांगितले, ते गृहस्थ आयुष्यभर गवंडी होते. यात प्रेम नव्हते, चमत्कार नव्हता, धर्म तर अजिबात नव्हता. दोन गवंड्यांना कच्चे काम दिसले, इतकेच.

दुसरा टँकर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर पाहुणे झाडाखाली बसून राहिले, आणि त्याचाही दोष माझ्याकडे आला. नऊ दिवसांत भिंती खिडकीपर्यंत गेल्या. पुढचे काम मी आणि गावातल्या दोन गवंड्यांनी पुरे केले. दारावरच्या फरशीवर संस्थेचे आणि सरपंचाचे नाव आहे. माझे तिथे असावे, अशी माझी इच्छा नाही. माझे सांगणे ज्याला पटत नसेल, त्याने लोखंडी खिळा घ्यावा, पूर्वेच्या कोपऱ्यात जावे आणि कुठलाही सांधा खरवडून पाहावा. फक्त त्याआधी लेकरांना जरा बाजूला बसवावे. ती त्याच भिंतीला पाठ टेकून बसतात.