काच सोडवणारी बाई

"थांब. घाई कुणाला आहे?" असं म्हणून ती तळहात आडवा धरायची आणि आमच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घाई आम्हालाच होती की. मूल पाजून सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात वेळेवर पोचलं नाही, तर खात्यावर देखरेख करणारी नायकीण सगळ्यांदेखत सालटी काढायची. हिला त्याचं काही नव्हतं. सोलापुरातल्या आमच्या गिरणीच्या पाळणाघरात ती नर्स होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा राग येतो आणि ज्यांच्यावाचून चालतही नाही. ती उंच, हडकुळी, विणकराच्या घरातली. घरी तेलुगू, आमच्याशी जपून बोललेली मराठी. पोर निजून राहावं म्हणून कुणी त्याला अफू चाटवून आणलं, तर ही पोराची पापणी वर करून बघायची आणि मग आईकडे नुसतीच बघत राहायची. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझा पहिला मुलगा वरच्या दुधानं गेला. माझी बोंडं आत ओढलेली, त्याला धरताच येईनात. मग घरात दूध पाजायचं बोंडलं आलं, कापडाच्या वातीनं गाईचं दूध पाजणं आलं, आणि ऐन उन्हाळ्यात हगवण लागून लेकरू हातचं गेलं. ते बोंडलं मी त्याच दिवशी फेकून दिलं. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली आणि तिचंही तेच सुरू झालं. ओढून ओढून चिरा पडल्या, रक्त आलं. तेव्हा नर्सबाईनं मला एक काचेची टोपी दिली. ती छातीवर बसवायची, पुढं रबराचं बोंड. पोरगी त्यातून ओढायला लागली, तशी मी त्या काचेला देवासारखी जपायला लागले. उकळायची, पुसायची, पदरात गुंडाळून गिरणीत न्यायची.

काही आठवड्यांनी नर्सबाईनं पोरीला तराजूत ठेवलं आणि तोंड गंभीर केलं. म्हणाली, "वजन अडलंय. काचेतून तिला पुरेसं येत नाही, तुझी छाती रिकामी होत नाही. असंच राहिलं तर दूध आटेल. काच सुटली पाहिजे."

मी भडकलेच. "तुम्हीच दिली आणि आता तुम्हीच सोडा म्हणता. पोरीनं नुसतं अंगावर धरलं नाही तर? पुन्हा बोंडलं आणू?"

"थांब. घाई कुणाला आहे? निम्मं पिऊन झालं, ती सैलावली, की काच हळूच काढायची. नाही धरलं तर परत घालायची. उद्या पुन्हा."

घरी येऊन मी सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, हे सांगितलं. त्यांनी फक्त मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. सकाळी मी नळावर धुणं धूत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी कोरफडीचा गर काढून काचेच्या रबराला चोपडला. आमच्याकडे थोरलं मूल अंगावरचं तोडायचं झालं की आई बोंडाला कडू कोरफड लावते. काचेची सवयही तशीच तुटेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

मला काय ठाऊक. मी नेहमीसारखी पोरीला मांडीवर घेतली. तिनं एकदा ओढलं आणि अशी किंचाळली की शेजारच्या बाया धावत आल्या. त्यानंतर ती काच घेईना आणि छातीही घेईना. मांडीवर आडवी केली की अंग ताठ करायची, तोंड फिरवायची. दुपार झाली. माझी छाती दगडासारखी तटतटली, पोरीचे ओठ सुकले, रडण्यातला जोर गेला. आत्याबाईंनी गाईचं दूध चुलीवर ठेवलं. त्या दुधाचा वास आला आणि मला थोरला आठवला. मी नवऱ्याला म्हटलं, "साखरपेठेत नर्सबाईच्या घरी जा आणि तिला घेऊन या. येत नसली तर पाया पडा."

ती भर उन्हातून आली. काच उचलून हुंगली, जिभेला लावली.

आत्याबाई आपणहून पुढं झाल्या. "म्याच लावली कोरफड. कुनाचं भलं करायला गेले आन हे झालं." आणि मग भीतीनं असेल, एकदम त्यांचा तोल सुटला. "पर ही काच दिली कुनी? तुमाला ना लेकरू ना बाळ. तुमाला काय कळनार, बाई?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"खरं आहे," नर्सबाई म्हणाली. "मला मूल नाही. म्हणून तुमच्याएवढी भीती मला वाटत नाही. ते दूध चुलीवरून उतरवा, मावशी."

आत्याबाईंनी भांडं उतरवलं.

मग तिनं माझी छाती धुतली, शेकली आणि हातानं थोडं दूध वाटीत काढलं. चमच्यानं ते पोरीच्या ओठांना लावलं. पोरीनं चाटलं. भुकेची धार जरा बोथट झाली, माझी छाती मऊ पडली. मला भिंतीला टेकून रेलायला लावलं आणि पोरीला उघडी करून माझ्या उघड्या अंगावर पालथी ठेवली. मी तिचं तोंड छातीकडं वळवायला गेले, तर माझा हात बाजूला केला. "निजू दे. तिला वाटेल तेव्हा."

आम्ही बसून राहिलो. पोरीला पेंग आली. पेंगेतच तिनं डोकं हलवलं, हुंगत हुंगत खाली सरकली, तोंड उघडलं, निसटलं. पुन्हा उघडलं, आणि या खेपेला धरलं. जबडा हलला. मग गळ्यात घोट उतरल्याचा आवाज आला, आणि त्यामागं दुसरा.

मला रडू फुटलं. हलायचीही चोरी, म्हणून तशीच रडले. तेव्हा कुठं खांदा दुखतोय असं ध्यानात आलं. भीती वाटत नाही म्हणणाऱ्या बाईची नखं त्यात रुतली होती.

काच ती घेऊन गेली. "परत लागली तर?" मी विचारलं. म्हणाली, "दुसरीला हवी आहे."

पोरीचं उष्टावण ठरलं. पहिला घास मामानं भरवायचा, अशी आमची रीत. पण आत्याबाईच म्हणाल्या, "पयला घास त्या बाईच्या हातनं. मामाला मी सांगते." मी बोलवायला साखरपेठेत गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बार्शीच्या दवाखान्यात नोकरीला गेली, कालच. दुसऱ्या दिवशी पाळणाघरात नवी बाई आली होती, तिला पत्ता ठाऊक नव्हता.

शेवटी मामानंच खीर भरवली. पोरीनं ती थुंकून टाकली आणि दोन्ही हातांनी माझा पदर ओढायला लागली. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दाराकडे बघत होत्या.