बारवेतले मासे

आमच्या गावी महादेवाच्या देवळासमोर पायऱ्यांची बारव होती. परंड्याहून कुर्डूवाडीकडे माल नेणारे गाडीवान तिथं बैल सोडत, पायऱ्या उतरून सरळ पाण्यात शिरत, ओंजळीनं पाणी पीत आणि जाताना धोतराच्या सोग्यात मासे धरून नेत. देवळाची व्यवस्था माझे वडील, अप्पा, बघायचे. घर शिवभक्तांचं; मुंगी पायाखाली आली तरी अप्पा हळहळत. देवाच्या पाण्यात हत्या होते हे त्यांना सोसेना. गाडीवानांशी भांडून दमल्यावर त्यांनी ठरवलं की बारवेत मासेच ठेवायचे नाहीत.

निजामाच्या अमदानीचे ते शेवटचे दिवस. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा सगळा गाव जाळ्यासाठी जुनी लुगडी घेऊन खाली उतरला. एकही मासा मरू न देता घागरीतून नेऊन सगळे सीनेच्या डोहात सोडले. अप्पांच्या तोंडावर तसं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढं मी विज्ञान शिकले, शिकवलंही. परिस्थितिकीची एक शाखा एकाच जातीचा जीव आणि त्याचा भोवताल बघते, दुसरी त्या जातीची संख्या का वाढते, का घटते ते शोधते, तिसरी एका जागी नांदणाऱ्या सगळ्या जिवांच्या एकमेकांशी पडलेल्या गाठी तपासते. वर्गात हे सांगताना मला बारवच दिसायची आणि संताप यायचा, कुणावर ते अजून कळलेलं नाही. आमचे मासे पाण्यातल्या बारीक किड्यांवर जगत होते. त्याच किड्यांच्या पोटात नारूची अळी वाढते. मासे गेले, किडे माजले. करायला गेले गणपती, झाला मारुती. किड्यांनी शेवाळ फस्त केलं, पाणी निवळशंख झालं आणि गावानं अप्पांना दुवा दिला.

पाण्याबरोबर असा किडा पोटात गेला की नारू वर्षभर अंगात गप्प वाढतो. एखाद्या घरी तो पूर्वीही निघायचा, पण पुढच्या उन्हाळ्यात घरोघरी माणसं लंगडू लागली. थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, घोट्यावर फोड आला. तिचं लग्न ठरलेलं. फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू बाहेर आला. तो रोज थोडाथोडा काडीला गुंडाळायचा. तुटला की पाय कायमचा अधू. आई काडी फिरवायची, मी जीव मुठीत धरून बघायची. पायाची आग सोसवेना तेव्हा आक्का बारवेच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायची. गावातले सगळेच रोगी तसे बसत. त्यांना थंड वाटायचं, आणि नेमक्या त्याच वेळी नारूच्या अळ्या पाण्यात सुटायच्या.

आक्काचा नारू अख्खा निघाला. लग्न ठरल्या दिवशी लागलं. वऱ्हाड उन्हातून आलेलं. बारवेच्या पाण्याचे तांब्यामागून तांबे रिकामे झाले. असं गोड पाणी आमच्याकडं नाही, असं व्याही म्हणाले आणि वाटेसाठी घागरी भरून घेतल्या. आम्हाला धन्य वाटलं.

आक्का सासरी रमली. तिच्या सासरच्या गावात नारू कुणाला ठाऊक नव्हता. वर्ष फिरलं आणि सासऱ्याच्या पोटरीतून निघाला, मग दिराच्या, मग नवऱ्याच्या. लग्नाला आलेल्या घरांमधूनच निघत गेला. हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही, फक्त त्यांनी अर्थ त्यांच्या पद्धतीनं लावला. सून पांढऱ्या पायाची निघाली म्हणाले आणि तिला गाडीत बसवून माहेरी पाठवून दिलं.

आक्का ओसरीवर बसली. रडत नव्हती.

"अप्पा, म्या काय केलं वो?"

अप्पा म्हणाले, "तुझं काय बी चुकलं न्हाय, पोरी. कशानं झालं, मला बी उमजंना."

लेकीच्या तोंडाला कोरड पडलेली त्यांना दिसली. ते स्वतः बारवेवर गेले, ताजं पाणी भरून आणलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. आक्का घटाघटा प्यायली. उरलेलं मी प्यायले.