अहिल्याबाईंची बेलव्ह्यूची बस

नागपूरच्या पोस्टात एकतीस वर्षं काढलेल्या अहिल्याबाईंना कुणाच्या भरवशावर राहायची सवय नव्हती. आधी लुना, मग स्कूटी. सारं शहर त्यांनी आपल्या हातानं पालथं घातलं आणि नवरा, चंद्रशेखर, मुकाट मागं बसला. त्यामुळे दोघं अमेरिकेत रेडमंडला लेकीकडे राहायला आली, तेव्हा साधी कोथिंबीर आणायलाही कुणाला तरी गाडी काढावी लागते, याचाच त्यांना सगळ्यात जाच झाला.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात चंद्रशेखरांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, पण डावी बाजू लुळी पडली. हॉस्पिटलातून त्यांना व्यायामोपचारासाठी शेजारच्या बेलव्ह्यू शहरातल्या एका केंद्रात हलवलं. लेक प्रीता ऑफिस सुटल्यावर आईला तिकडे न्यायची. तोवर ते दमून डोळे मिटून पडलेले असायचे. एका संध्याकाळी नर्सनं सांगितलं, की सकाळच्या व्यायामाला ते उठतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपून राहतात.

घरी आल्यावर अहिल्याबाई म्हणाल्या, "उद्यापासून मी सकाळी बसनं जाणार."

"आई, काहीतरीच काय! मी उबर बुक करून देते ना."

"रोज मीटिंगमधून उठून बुक करशील? मला बस समजावून सांग."

प्रीतानं फोनवर नकाशा उघडून थांबा दाखवला, बसचं कार्ड कुठं टेकवायचं ते सांगितलं, उतरायच्या आधी खिडकीजवळची पिवळी दोरी ओढायची म्हणाली. बाईंनी सगळं, केंद्राच्या इंग्रजी पत्त्यासकट, कागदावर उतरवून घेतलं. सकाळी छत्री आणि वरणभाताचा डबा घेऊन त्या निघाल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर थांबे होते. बेलव्ह्यू कुठल्या दिशेला ते त्यांना बरोब्बर ठाऊक होतं, पण जन्मभराच्या सवयीनं त्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. इथं गाड्या उजवीकडून चालतात, हे ध्यानातच आलं नाही. बस आली, त्या चढल्या, आणि बस उलटी निघाली.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. बाई बसूनच. ड्रायव्हर पिकल्या केसांची, धिप्पाड बाई होती. तिनं येऊन विचारलं, कुठं जायचंय? अहिल्याबाईंना पोस्टातलं इंग्रजी येत होतं, पण ते इथं पुरेल याची खात्री नव्हती. त्यांनी कागद पुढं केला.

"अदर साइड, मॅम," ती म्हणाली. तिची मधली सुट्टी होती, सँडविच नुकतं उघडलेलं. ते तसंच हातात धरून ती खाली उतरली, बाईंना पलीकडच्या बसपर्यंत घेऊन गेली आणि तिथल्या ड्रायव्हरला सांगून आली, की हिला कुठं उतरवायचं.

बाई केंद्रात पोचल्या तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. चंद्रशेखर पडूनच होते, नाश्त्याला हात लावला नव्हता.

"प्रीता कुठंय?"

"ऑफिसात."

"मग तू कशी आलीस?"

"बसनं. आधी उलटी गेले, मग परत आले."

ते हसले. अर्धंच तोंड हललं, पण झटक्यानंतर पहिल्यांदा हसले.

"उठा आता," बाई म्हणाल्या. "दीड तास हिंडून आले मी. तुम्हाला झोपलेलं बघायला नाही." मग व्यायाम घेणारी मुलगी आली, तेव्हा चंद्रशेखरांनी कुरकुरत का होईना, उजवा हात तिच्या खांद्यावर टाकला. त्या दिवशी ते चार आकडे मोजेपर्यंत उभे राहिले, इतकंच.

सात आठवडे बाई रोज गेल्या. दोनदा बर्फामुळे बस आलीच नाही, तेव्हा तासभर कुडकुडून घरी परतल्या आणि पांघरुणात शिरून रडल्या. प्रीताला मात्र त्यांनी ते सांगितलं नाही. प्रीताही आपलं काही सांगत नव्हती. सुरुवातीचे कित्येक दिवस ती मीटिंगमध्ये फोन मांडीवर ठेवून, आईच्या फोनचा ठिपका नकाशावर कुठवर सरकला ते बघत बसायची.

जानेवारीच्या शेवटी चंद्रशेखर काठी टेकत घरी आले. डावा हात अजून वळत नाही, डॉक्टर म्हणतात तो कदाचित असाच राहील. दर गुरुवारी तपासणी असते, तिला दोघं बसनं जातात. त्यांच्यासाठी ड्रायव्हर बसची पायरी खाली घेतो, त्याची त्यांना लाज वाटते. बाई त्यांना खिडकीची जागा देतात आणि दोरी स्वतः ओढतात.