पाझर तलावातलं आरमार

आमच्या पारनेर तालुक्यात पाणी कुठून येतं विचाराल, तर टँकरमधून. अशा मुलखात आमच्या वडिलांनी उभा जन्म लढाऊ जहाजं बनवण्यात घालवला. हसा, खुशाल हसा. गाव हसायचं, सोयरेधायरे हसायचे, मग मी घरातली असून मागे कशाला राहू? "अण्णा, एखादी बादली बनवली असती तर उपयोग तरी झाला असता," असं मी म्हणायचे. अण्णा मान वर न करता म्हणायचे, "बादलीनं लढाया जिंकता येत नाहीत, बाई."

अण्णा हायस्कूलवर चित्रकला आणि हस्तकला शिकवायचे. तरुणपणी त्यांना नौदलात जायचं होतं. आमच्याकडची पोरं फौजेत जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण समुद्र म्हटल्यावर त्यांच्या आईनं अंथरूण धरलं. "जमिनीवर काय झालं तर निदान माती तरी घरी येईल, पाण्यात गेलास तर आमी कुठं हुडकायचं?" असं म्हणाली आणि पाण्याचा घोट घेईना. अण्णा मास्तर झाले. झाले म्हणजे झालेच, चांगले झाले, पोरांचे लाडके झाले. पण पुस्तकात कुठं जहाजाचं चित्र दिसलं की त्यांचं जेवण निवायचं.

पहिलं जहाज त्यांनी लाकडाचं केलं, मराठ्यांच्या आरमारातली शिडाची लढाऊ गुरब. जुन्या दाराची फळी कोरून, पोकळ करून. त्यात इतके महिने गेले की आई म्हणाली, दार परत लावा नाहीतर मी माहेरी जाते. मग अण्णांनी लाकूड सोडलं आणि पुठ्ठा धरला. दुकानातले खोके, कणकेची खळ, वर रद्दीचे थर आणि त्यावर ऑइल पेंट. हातात घेतल्याशिवाय पुठ्ठा म्हणून ओळखू येऊ नये असं काम. ग्रीकांचं तीन मजली वल्ह्यांचं जहाज, त्याची वल्ही उदबत्तीच्या काड्यांची. कोरियाचं कासवासारखं जहाज, पाठीवर खिळेच खिळे ठोकलेले, शत्रूनं वर उडी मारू नये म्हणून. इंग्रजांचं तोफांच्या भोकांचं भलंमोठं, त्याची शिडं माझ्या शिलाईतल्या अस्तराची. अमेरिकेचं पहिलंवहिलं लोखंडी जहाज, दिसायला पाण्यावर ठेवलेल्या डब्यासारखं. जर्मनांची पाणबुडी. जपानची प्रचंड युद्धनौका. आणि आपली विमानवाहू, तिच्यावरची विमानं दूध पावडरच्या डब्याचा पत्रा कापून केलेली. कोणतं जहाज कुठल्या लढाईत होतं, का जिंकलं, का बुडालं, सगळं अण्णांना पाठ. मला न विचारता पाठ झालं, ते वेगळंच.

आई गेल्यावर अण्णांच्या हाताला कंपवात लागला. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग ब्रश सुटायला लागला. मी शिलाई मशीन उचलून माहेरीच राहायला आले; सासरी तसंही मला कुणी अडवणारं उरलेलं नव्हतं. अण्णांनी एक दिवस ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवून दिले. म्हणजे जी झाली तीच जहाजं, आता नवीन एकही होणार नाही, हे आम्हां दोघांनाही कळलं होतं.

त्यांची आता एकच इच्छा राहिली होती. ज्या हायस्कूलवर नोकरी केली तिथं ही जहाजं एका काचेच्या कपाटात राहावीत. "आपल्याकडच्या पोरांनी समुद्र बघितलेला नसतो गं. निदान जहाज तरी बघू दे," असं म्हणायचे. मुख्याध्यापक त्यांचाच विद्यार्थी. त्यानं कपाट करायला टाकलं आणि सांगितलं, गणपती उठले की घेऊन या, गुरुजी. अण्णा लहान पोरासारखे दिवस मोजायला लागले.

तेवढ्यात आमच्या वाडीच्या मंडळाची पोरं आली. पोरं म्हणायची आपली; अध्यक्षाला मिसरूड फुटून जमाना झाला, तो कांद्याचा टेम्पो चालवतो. म्हणाला, "गुर्जी, औंदा देखावा तुमच्या जहाजांचा. जगातलं समदं आरमार एका मांडवात. लई भारी व्हईल."

मी तिथल्या तिथं म्हटलं, "काही नको. तुमच्या त्या डीजेनं शिडं फाटतील." पण अण्णांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. त्या माणसाला आयुष्यात कुणी आपणहून 'तुमची जहाजं द्या' असं म्हणालं नव्हतं. कशी नाही म्हणणार?

मांडवात निळी ताडपत्री अंथरली, लाटांसाठी कापूस पसरला, वर जहाजं मांडली. मधोमध गणपती. अण्णा म्हणाले, असं नाही चालायचं. नवं जहाज सोडताना बाईमाणसाच्या हातनं नारळ फुटतो, पूजा होते, मगच ते जहाज. मी साठीला टेकलेली बाई, पण त्या दिवशी नवी साडी नेसले. एकेका जहाजाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. शेवटी नारळ फोडला. अण्णा काठी टेकून ताठ उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही.

मग काय, रीघ लागली. शेजारच्या वाड्यांवरून माणसं आली, सुप्याहून आली. अण्णा रोज खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे. सेवानिवृत्त फौजी यायचे, ते अण्णांशी वाद घालायचे. एक जण म्हणाला, "गुर्जी, तुमी नौदलात किती वर्सं हुता?" अण्णा म्हणाले, "नव्हतो. पण वस्तीला तिथंच आहे." इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीचा आवाज सोसेना म्हणून अण्णा घरीच राहिले, त्यांच्याजवळ मी. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या जुन्या चादरी घेऊन मी जहाजं आणायला मांडवात गेले. मांडव मोकळा. ताडपत्री गुंडाळलेली. अध्यक्ष बांबू सोडवत होता.

"जहाजं कुठायत रे?"

"सोडली की, आक्का. पाझर तलावात. देवाच्या आधी, एकेक करून, आरती म्हणून. अजिबात हेळसांड केली न्हाई." आणि वर हसला. शाबासकीच्या अपेक्षेनं हसला हो!

मला आधी समजलंच नाही. मग तो सांगायला लागला. देवापुढं पुजलेली वस्तू, हळदकुंकू लागलेली. उत्तरपूजा झाली की ती घरी कशी न्यायची? गावातल्या जाणत्या माणसांना विचारलं, ते म्हणाले, निर्माल्य झालं, पाण्यातच सोडावं लागतं. आणि जहाज तर पाण्याचंच. गुर्जींनीच नारळ फोडून घेतला होता ना.

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. मुडद्यांनो, अकलेचे खंदक, असलं बरंच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं हातातला बांबू टाकला आणि तसाच तलावाकडं धावत सुटला, मागोमाग बाकीची पोरं. मी रिकाम्या चादरी घेऊन घरी आले. हळदकुंकू मीच लावलं होतं, हे सारखं डोक्यात घुमत होतं. कुणाला बोल लावायचा? पोरांनी धर्म पाळला, अण्णांनी रीत पाळली, मी सांगितलं ते केलं. सगळ्यांनी सगळं बरोबर केलं आणि वाटोळं झालं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते दाढी करवून घ्यायला बसले होते. हल्ली मीच करते. गालावर साबण तसाच राहिला. म्हणाले, "कपाट झालं असेल गं शाळेत." एवढंच. मला त्यांनी ओरडायला हवं होतं, निदान काठी तरी आपटायला हवी होती.

दुपारी पोरं आली. चिखलानं भरलेली, माना खाली घालून. पुठ्ठा तो, रात्रभर पाण्यात. लगदा होऊन गाळाला मिळाला होता. वल्ही नाहीत, तोफा नाहीत, पत्र्याची विमानंसुद्धा मिळाली नाहीत. लाकडाची तेवढी गुरब तलावाच्या बांधाकडेच्या गवतात आडवी सापडली. डोलकाठी मोडलेली, वरची फळी निघालेली. ती त्यांनी गमछ्यात गुंडाळून आणली होती. अध्यक्ष अण्णांच्या पायाशी बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. "गुर्जी, मारा आमाला. पन बोला कायतरी."

अण्णा म्हणाले, "व्हिडिओ काढला असेल ना कुणीतरी?"

काढला होता. हल्ली कुणी मेलं तरी काढतात. मला वाटलं, नको, कशाला जखमेवर मीठ. पण अण्णांनी मोबाईल मागून घेतला. हातात धरवेना म्हणून मी धरला.

गुलाल, आरती, टाळ्या. कमरेएवढ्या पाण्यात उभी पोरं, आणि देवाला ठेवावं तशा हलक्या हातानं जहाजं पाण्यावर ठेवत होती. इंग्रजांचं ठेवलं, ठेवल्याबरोबर कलंडलं. ग्रीकांचं कलंडलं. जपानचं उलटंच झालं. पाणबुडी बुडाली, तेव्हा अण्णा म्हणाले, "ही एकटीच बरोबर वागली," आणि पोरांना रडावं की हसावं कळेना. शेवटी गुरब. ती टेकवली, तशी आडवी झाली.

"मागं घे," अण्णा म्हणाले. मी घेतलं. "अजून एकदा." असं किती वेळा बघितलं देव जाणे. मग काठी घेऊन उठले आणि मागच्या अंगणातल्या हौदाकडं निघाले. "ती गुरब आण."

हौदात आदल्या दिवशीचं टँकरचं पाणी होतं. मी गुरब पाण्यावर ठेवली. पडली आडवी. अण्णा म्हणाले, "आत खडे टाक."

"काय?"

"खडे गं. तळाला. खरी जहाजं तळाशी दगड भरून चालायची, वरचं शीड तोलायला. पोरांना फळ्यावर काढून शिकवलंय मी."

खड्यांना काय तोटा आमच्याकडं. पायाखालचे वेचले आणि निघालेल्या फळीच्या जागेतून आत टाकले. अण्णा सांगत गेले, इकडं थोडे, आता मागे, बास. गुरब हळूच सरळ झाली. मोडक्या डोलकाठीसकट ताठ उभी राहिली. मी फुंकर मारली तर डुलली, पण पडली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी नाही वाजवल्या. हौदाच्या काठावर बसले. म्हणाले, "मूठभर खड्यांचं काम होतं. हात चालत होता तेव्हा एकदासुद्धा पाण्यात सोडून बघितलं नाही मी. रंग जाईल, पुठ्ठा भिजेल. सगळी कपाटात ठेवायलाच केली."

मी म्हटलं, "अण्णा, मुख्याध्यापक वाट बघत असतील. ही एक तरी कपाटात जाईल. बाहेर काढते, लाकूड फुगेल."

मी हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. ज्या हातातून ब्रश सुटायचा, त्याची पकड घट्ट होती.

"फुगू दे," म्हणाले. "राहू दे तिला पाण्यात."