विज्ञान शिक्षक मिळणेबाबत

अर्जसरांची बोटं बारा महिने निळी असायची, कार्बन पेपरमुळे. महापालिकेच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. म्हणजे पुस्तकातलं जेमतेम आणि अर्ज मात्र पोटभर. निबंधाला 'माझा आवडता ऋतू' आला की म्हणायचे, ऋतू न सांगता येतो, नळाचं पाणी येत नाही, त्यावर लिहा. मग अख्खा वर्ग माना खाली घालून लिहायचा, 'विषय: मुलींच्या स्वच्छतागृहात नळ बसवून मिळणेबाबत.'

सगळ्यांत चांगला अर्ज सर खरोखरच कार्यालयात नेऊन द्यायचे आणि शिक्का मारलेली प्रत, म्हणजे पोच, वर्गात मिरवायचे. घरी बायकोनं दूध आणायला सांगितलं तरी सर 'लेखी द्या' म्हणतात, अशी आमची पक्की समजूत होती.

त्यांच्या लाल पेनाचा तर नुसता जाच. दुसऱ्यांदा आलेलं 'कृपया' खोडलंच म्हणून समजा. मी एकदा शेवटी 'आपली गरीब विद्यार्थिनी' लिहिलं, तर 'गरीब'वर काट मारून म्हणाले, "भीक मागत नाही आपण. आपलं आहे ते मागतोय."

आठवीत विज्ञानाच्या बाईंची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. तरतूद नाही, एवढंच वरून उत्तर. शेवटी सर स्वतः विज्ञान शिकवायला उभे राहिले. काय सांगू! आम्ल आणि आम्लारी त्यांनी आम्हाला चालीवर म्हणायला लावली. मला सायन्सला जायचं होतं, रक्त तपासतात तसल्या लॅबमध्ये काम करायचं होतं. दोन वर्षांत मी सात अर्ज लिहिले. पोच सातही मिळाल्या. दहावीला विज्ञानात काठावर सुटले आणि गपचूप कॉमर्सला गेले.

आता कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. परदेशात शिकून आलेले इंजिनिअर कचऱ्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, कारण अर्ज कुणाकडे करायचा हेच त्यांना ठाऊक नसतं. मला त्याचा फार तोरा. सरांच्या निरोपसमारंभात मी तेच ठणकावून सांगितलं, की ज्या शाळेत काही नव्हतं तिनंच मला नागरिक केलं. टाळ्या पडल्या. फक्त सरांनी टाळी वाजवली नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते मला वरच्या वर्गात घेऊन गेले. आत एक बाई मुलींना लिटमसचा कागद लिंबाच्या रसात बुडवायला लावत होत्या. कागद लाल झाला तशा मुली खिदळल्या. मी तो प्रयोग पहिल्यांदाच बघत होते.

"या तुझ्या अर्जावर आलेल्या बाई," सर म्हणाले. "तू गेल्यावर चार वर्षांनी आल्या. तसलं भाषण पुन्हा करू नकोस. वरचे म्हणतील, बघा, पैशावाचून चाललं की. चाललं नाही. तुझं नुकसान झालं. लेखी दे."

मला रडूच आलं. तिथंच मागच्या बाकावर बसून, सरांचा कार्बन पेपर घालून मी लिहिलं, 'विषय: माझे विज्ञान राहून गेल्याबाबत.' 'कृपया' एकदाही घातलं नाही.

सरांनी सवयीनं लाल पेन काढलं आणि अर्ज दोनदा वाचला. काहीच खोडलं नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि पोच माझ्या हातात दिली.